पेंडाची टेकडी

अमेरिकेतल्या मराठी माणसाला दोनच प्रश्न पडतात. कुठल्या कंपनीत, आणि ग्रीन कार्डचं काय. यामिनीकडे दोन्हींची उत्तरं नव्हती, म्हणून मंडळाच्या कार्यक्रमांत लोक तिच्याकडे आजारी माणसाला भेटायला आल्यासारखे बघायचे.

"पीएचडी? वा! कशात?"

"इतिहासात."

"म्हणजे आपल्या?"

"नाही, इंग्लंडच्या. साडेतेराशे वर्षांपूर्वी तिथे एक लढाई झाली. ती नेमकी कुठे झाली हे आज कुणालाच माहीत नाही. ती जागा शोधतेय."

मग हमखास, "पण सापडली तर होणार काय?"

काय होणार? काही नाही. तुम्ही रात्रंदिवस खपून जाहिरातीचं बटण डावीकडून उजवीकडे नेता, त्याने तरी जगाचं काय होतं? हे यामिनी मनात म्हणायची आणि तोंडात चकली कोंबायची.

लढाई विनवेडची. सन ६५५, नोव्हेंबर महिना. एकीकडे मर्सियाचा राजा पेंडा, जुन्या देवांना मानणारा, अफाट सैन्य, सोबत तीस सरदार. समोर नॉर्थम्ब्रियाचा ऑस्वी, मूठभर माणसं घेऊन. पावसाने विनवेड नदी फुगलेली. पेंडा हरला आणि मेला. पुढे पाऊणशे वर्षांनी मठातल्या एका साधूने लिहून ठेवलं, की तलवारीने मेले त्यापेक्षा जास्त लोक पळताना बुडून मेले. बस, एवढंच. नदी कुठली, मैदान कुठलं, पत्ता नाही. लीड्सच्या आसपास कुठेतरी, हा अंदाज.

यामिनीने जागा शोधली होती. नकाशांवर डोळे फोडून एक टेकडी काढली होती. वर पेंडाचा तळ, पायथ्याला नदी. प्रकरण लिहून तयार होतं. सोमवारी ते गाईडसमोर मांडायचं. पटलं तर आणखी एक वर्ष मिळणार. नाही पटलं तर मास्टर्सची डिग्री घ्या आणि चालू लागा. चालू लागायचं म्हणजे नागपूरला, जिथून बाबा डेटा सायन्सच्या कोर्सच्या लिंका पाठवत होते.

त्याआधीच्या शनिवारी ती फ्रीमाँटला मामाकडे आली. दिवाळी होती, आणि मंडळाची किल्ला स्पर्धा. मामाची नऊ वर्षांची केया तिला दारातच चिकटली.

"ताई, एव्हरीबडी इज डूइंग रायगड. सो बोरिंग!"

"मग आपण माझी टेकडी करू. त्यावर खरी लढाई झालीय."

"पॅटिओवर चिखल?" शशिकांत मामा आतून ओरडला. "सोसायटीवाले पत्र पाठवतील हं!"

"मामा, पुण्यात तू गच्चीवर करायचास ना?"

"त्या गच्चीचा रंग कुठला असावा हे ठरवायला कमिटी नव्हती गं."

तरी तोच जाऊन मातीच्या पिशव्या घेऊन आला. घरामागच्या पॅटिओच्या फरशीवर डिलिव्हरीचे खोके रचले, वर जुने टॉवेल, टॉवेलवर चिखल. मोहरी पेरायला उशीर झाला होता, म्हणून नीलांबरी मामीने कोथिंबिरीची जुडी दिली. ती खोचली की झालं जंगल. पुण्याहून आणलेले प्लॅस्टिकचे मावळे पेंडाचं सैन्य झाले. केया महाराजांची मूर्ती उचलायला गेली तशी मामीने ती पटकन देवघरात नेऊन ठेवली.

"त्यांना दुसऱ्याच्या भांडणात ओढायचं नाही," ती म्हणाली.

म्हणून मामाच्या बुद्धिबळातला पांढरा राजा पेंडा झाला. यामिनीने त्याला टेकडीच्या माथ्यावर रोवला आणि भोवती मावळे उभे केले. खाली फॉइलची नदी. बघून तिचंच मन भरून आलं. प्रकरणातला नकाशा समोर उभा होता.

"आता पूर," ती म्हणाली आणि होसपाइप सोडला.

नदी फुगली. काठ बुडाला. कोथिंबीर वाहून गेली. माथ्यावरचे मावळे मात्र ठणठणीत कोरडे.

यामिनीने नळ आणखी सोडला. पाणी पॅटिओच्या कडेने मामाच्या चपलांपर्यंत पोचलं. पेंडा कोरडाच.

"तुझा पेढा काही बुडत नाही," मामा म्हणाला.

"पेंडा! तो हरला की पळेल ना खाली."

"खाली पूर दिसतोय आणि हा वरून उतरून त्यातच उडी मारणार? मागे मोकळा उतार आहे की. मी तर तिकडून पळेन."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मला काहीच कळत नाही. पण अख्खं सैन्य बुडालं म्हणतेस आणि कुणाचे मोजेही ओले झाले नाहीत."

यामिनी चिडली. चिडून तिने सगळे मावळे मूठमूठ उचलले आणि खाली नदीकाठच्या सपाटीवर आपटले. राजाही तिथेच खुपसला. होस पुन्हा सोडला. एका झटक्यात निम्मं सैन्य आडवं झालं आणि तरंगत गटाराच्या जाळीकडे निघालं.

"ऑसम!" केया किंचाळली.

यामिनीच्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला.

तेवढ्यात बेल वाजली आणि दिगंबर काका आत आले. मंडळाचे परीक्षक. तीस वर्षं कॅलिफोर्नियात काढली, पण किल्ला दिसला की माणूस थेट शनिवार पेठेत उतरतो.

"हे काय? राजा खाली?"

"हो काका."

"अगं, राजा वर असतो. लहानपणापासून करतेस ना किल्ले? सैन्य खाली, राजा माथ्यावर. मार्क कापावे लागतील मला."

"पण का वर असतो?"

"का म्हणजे? किल्ला आहे म्हणून!"

"आणि किल्लाच नसेल तर?"

काकांनी तिच्याकडे कीव करून पाहिलं. "मग लढाई कसली?"

यामिनी ओल्या पायरीवर बसली. दर दिवाळीला तिने हेच तर केलं होतं. आधी डोंगर, मग माथ्यावर राजा, मग बाकीचं जग. तीच दिवाळी घेऊन ती इंग्लंडच्या नकाशात शिरली होती आणि पेंडासाठी डोंगर शोधत बसली होती. अरे, तीस सरदारांचं सैन्य घेऊन चालून आलेला माणूस टेकडीवर कशाला चढेल? त्याला मैदान पाहिजे, घोड्यांना चारा-पाणी पाहिजे. डोंगराचा आसरा घ्यावा तो मूठभर माणसं असलेल्या ऑस्वीने. ती चुकीच्या राजाला महाराज समजली होती.

काका गेल्यावर तिने मामाला सगळं सांगितलं, आणि त्याने तिला चहा दिला.

"गाईडच्या लक्षात आलंय का हे?"

"नाही."

"मग सोमवारी रिलीज कर. बग नंतर बघू."

"मामा, तू सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहेस!"

"म्हणूनच सांगतोय. सगळे हेच करतात."

"तेच तर! सगळे हेच करतात आणि मग मला विचारतात, जागा सापडून उपयोग काय. मी खोटी जागा दिली तर खरंच काय उपयोग?"

मामाने स्वतःचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "घरी परत जावं लागेल, पोरी."

"माहितेय."

सोमवारी यामिनीने गाईडबाईंसमोर नकाशा लावलाच नाही. पॅटिओचा फोटो लावला. चिखल, आडवे मावळे, कोथिंबीर. ही माझी टेकडी, म्हणाली, आणि ही चूक आहे. का चूक आहे तेही सांगितलं, दिवाळीपासून गटाराच्या जाळीपर्यंत. बाईंनी प्रकरण नापास केलं. वर्ष दिलं नाही, सहा महिने दिले. म्हणाल्या, ही जागा शोधणारा प्रत्येक जण आपल्या गावचा डोंगर सोबत आणतो, हे आधी लिही, आणि मग सपाटीवर ये.

बाहेर पडली तोच मामाचा फोन.

"काय झालं?"

"सहा महिने. आणि टेकडी कॅन्सल."

"बरं. आमचं तिसरं बक्षीस गेलं, काकांनी राजाचे मार्क कापले. आणि ऐक, पॅटिओ धुतला, पण माझा पांढरा राजा सापडत नाहीये. त्या खोक्यांचा अख्खा डोंगर उपसला मी."

"मामा," यामिनी हसत म्हणाली, "डोंगर कशाला उपसतोस? खाली बघ. पाण्यापाशी."