पट्टीवरून चालून दाखवा

साहेब, तुम्ही माझ्या तोंडून खोटं वदवून घेतलंत. तुमचं नाव मी घेत नाही. तुम्हाला ते ठाऊक आहे.

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी पट्टी आहे. नाशिकच्या एका सुताराने रंधा मारून मला सरळ केलं. त्या सरळपणाचा मला अजून अभिमान आहे. पहिली अकरा वर्षं मी यादव सरांच्या हातात होते. ते भूगोल शिकवत. नकाशावर नाशिक ते दिल्ली मला ठेवायचे आणि विचारायचे, "किती?"

"हजार किलोमीटर!" पोरं ओरडायची.

"हे विमानाचं अंतर. दोन तासांत पोचतं. खाली डोंगर असो नाहीतर नदी, त्याला काय? आगगाडीला विचारा, तिला जवळपास अख्खा दिवस लागतो."

मग शाळेत पडद्यावरचे नकाशे आले आणि मी अडगळीत गेले. तिथून कुणीतरी मला शिक्षण खात्याच्या कचेरीत, या साहेबांच्या टेबलावर आणलं. पुन्हा काम मिळालं म्हणून मी खूश झाले. तिथंच चुकले.

परवा गुरुवारी सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरून चिमाजी आले. सोबत त्यांची आठवीतली मुलगी, तेजल. पाड्यावरच्या मुलांना शाळेसाठी जीप हवी होती. नियम असा, की शाळा तीन किलोमीटरच्या पुढे असेल तरच जीप. साहेबांनी मला नकाशावर टेकवलं.

"अडीच. नियमात बसत नाही."

"सायेब, मधी दरी हाय," चिमाजी म्हणाले. "वळसा घालून नऊ किलोमीटर पडतं. दोन तास लागत्यात."

"नकाशात अडीचच आहे."

"मंग आमी काय घारी हाय का?"

तेजल हसली नाही. "सायेब, ह्या पट्टीवरून तुमीच चालून दावा की. मी मागून येते."

शिपाई भिकनने तोंडावर हात धरला. साहेबांनी पंखा वाढवला.

"जीप नाय झाली तं सोमवारपासून पोरगी आमच्यासंगं द्राक्षबागेत," जाता जाता चिमाजी म्हणाले. "आमी कामाला गेल्यावर हिला एकटीला दोन तास जंगलातून कशी धाडू?"

मित्रांनो, नाशिकच्या ओझर विमानतळावरून उडालेलं विमान दिल्लीत टेकतं, तेवढ्या वेळात ही मुलगी शाळेच्या दारात पोचते. आणि कागदावर काय, तर ती शाळेजवळ राहते! मी आकाशातलं अंतर सांगते. पाखरांचं, विमानांचं. पायांचं अंतर मला कळत नाही, हे साहेबांना पक्कं माहीत आहे. तरी निकाल माझ्या नावावर खपवला.

इतर जुन्या वस्तू तुम्हाला म्हणतील, आम्हाला जपा. मला जपू नका. माझे आकडे पुसले गेले तरी चालतील. पण कुणी खुर्चीत बसून माझ्याने तुमची वाट मोजायला लागला, तर त्याचा हात धरा. म्हणा, ऊठ, चप्पल घाल, चल आमच्याबरोबर.

आज शनिवार. तेजलचा अर्ज टेबलावरच आहे. पंख्याने उडू नये म्हणून त्यावर मलाच ठेवलंय.

साहेब, सोमवारी ती वर्गात असेल की बागेत? उत्तर द्या. तोंडी नको. लेखी द्या, आणि खाली सही करा.