माझी पात मागं राहिली

आधीच सांगून टाकतो, गोल माझ्यामुळं झाला. आता बाकीचं.

आमचा क्लब केडगावचा. राज्याच्या प्रोफेशनल लीगमधी यंदा पहिल्यांदाच. मी ओंकार, सोनईचा, लेफ्ट बॅक. पळायला जरा सावकाश. जरा म्हणजे लई.

कोच रविराज सर, कोल्हापूरचे. त्यांचा प्लॅन चार-चार-दोन. मागच्या चौघांनी एका लाईनीत, एकदम वर सरकायचं. मग समोरचा स्ट्रायकर आमच्या मागं एकटा उरतो आणि पास आला की ऑफसाईड. बोर्डावर लई भारी दिसायचं. मैदानात आमी चौघं चार दिशेला.

ह्या चौघांत मधी खेळायचा वाल्मिक, पाथर्डीकडचा. हेडिंगला एक नंबर, पण एका महिन्याच्या ट्रायलवर. सोमवारी सीझनच्या खेळाडूंची यादी लीगकडं जाणार हुती. नाव आलं तर इथं. न्हाई आलं तर मंगळवारी आईबापासंगं मुकादमाच्या टोळीच्या ट्रकात, कारखान्यावर ऊस तोडायला. हे त्यानं एकदाच सांगितलं, बूट पुसता पुसता.

गुरुवारी सर कावले.

"अरे, लाईन म्हंजे काय, एवढं तरी कळतंय काय रं?"

आमचा गोलकीपर सुनील म्हणला, "सर, आमच्याकडं लाईन म्हंजी लाईट. ती जातीच."

सगळे हसले. वाल्मिक तेवढा बोर्डाकडं बघत हुता.

"सर, ही तर पात हाय."

"काय हाय?"

"पात. खुरपायला बसलं की ज्याला त्याला एक पट्टा असतो, ती पात. सगळ्यांनी बरोबरीनं सरकायचं. कुनी पुढं पळालं, कुनी मागं राहिलं, की बाया शिव्या घालत्यात."

सर म्हणले, "घाल की मग शिव्या."

झालं. वाल्मिक मधनं वरडायला लागला. "पात धरा! बजरंग, लई पुढं! ओंक्या, मागं राहिला!" आणि लाईन दोरी धरल्यासारखी सरळ. मला तर विश्वासच बसंना.

शनिवारी नाशिकच्या टीमबरोबर मॅच. त्यांचा स्ट्रायकर सात वेळा ऑफसाईड. शेवटी त्यानं मलाच विचारलं, "भाऊ, हा पात-पात काय ओरडतोय?"

"टॅक्टिक हाय आमची," मी म्हणलो. लई रुबाबात.

एक-शून्यनं पुढं हुतो. ऐंशीव्या मिनिटाला माझ्या पोटरीत गोळा आला. खरं सांगू का? गोळा नंतर आला. दम आधीच संपला हुता.

वाल्मिक वरडला, "चला!" तिघं वर सरकले. मी तिथंच, कमरेवर हात. त्यानं वळून बघितलं आणि सरळ माझ्याकडं पळत आला. शेतात शेजारच्याची पात मागं राहिली की आपन मदतीला जाऊन काढू लागतो, ते त्याच्या अंगातच हाय. फुटबॉलमधी काढू लागत न्हाईत. मधी जागा मोकळी पडली, स्ट्रायकर तिथनं गेला. एक-एक. मॅच तशीच सुटली.

ड्रेसिंग रूममधी सर त्याच्यासमोर उभे.

"मागं का गेलास?"

"ओंकारची पात राहिली हुती."

"अरे ते शेतात!"

"व्हय सर." वाल्मिकची मान खाली.

मी चांगला एक मिनिट बुटाची नाडीच सोडत बसलो, हे पण खरं. मग तोंडातनं निघालंच.

"सर, तो वर राहिला असता तरी ऑफसाईड मिळाला नसता. मीच मागं हुतो ना."

"मग मी आंधळा हाय व्हय रं?" सरांनी खिशातनं यादी काढली. "सात वेळा लाईन ह्याच्यामुळं सरळ राहिली. वाल्मिक, तुझं नाव जातंय. आणि ओंकार, तू बाकावर. दम वाढव, मग ये."

कुनीतरी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी का वाल्मिकसाठी, ते मी विचारलं न्हाई.

वाल्मिकनं तिथंच आईला फोन लावला. मालनबाईंचा आवाज एवढा मोठा की स्पीकरची गरज न्हाई.

"आई, मी न्हाई येत कारखान्यावर. हितं नाव लागलं."

"लागलं? बरं झालं बाबा." मग जरा थांबून, "अन् तिथला मुकादम कसा हाय रं?"

"बरा हाय," वाल्मिक म्हणला. "वरडतो लई."

सर त्याच्या मागंच उभे हुते. आमी कुनीच त्याला सांगितलं न्हाई.