बटणांच्या बरणीत अक्रोड

मी एक जुनी काचेची बरणी आहे. झाकण मात्र माझं नाही, ते कॉफीच्या डब्याचं आहे. वीस वर्षं मी एका शिंपीणबाईंच्या मशीनशेजारी बटणं सांभाळली. बाईंनी कुणाचं माप कधी वहीत लिहिलं नाही. गिऱ्हाईक दारात दिसलं की म्हणायच्या, "डावा खांदा अर्धा इंच उतरता, हो ना?" माझ्यातलं कुठलंही बटण उचलून ते कुणाच्या कपड्याचं, हे त्या सांगत. लोक तोंडात बोटं घालत. मीही घातली असती, पण मला बोटं नाहीत.

मग बाई पन्नाशीच्या झाल्या. पाळी थांबण्याचं वय ते. मित्रांनो, असे खाली बघू नका. मी काचेची आहे, मला काही लपवता येत नाही. बाईंना भर थंडीत घाम फुटू लागला, झोप उडाली आणि मापं डोक्यातून निसटू लागली.

नणंदबाई लगोलग पिशवी घेऊन आल्या. "वहिनी, हा अक्रोड बघ. हुबेहूब मेंदू! देवाने आणखी कसं सांगायचं?" त्यांनी माझी बटणं पत्र्याच्या डब्यात ओतली आणि माझ्यात अक्रोड, बदाम, तीळ, जवस भरले. रोज सकाळी एक मूठ खायची. बाई खायच्या, खाल्ल्याचं विसरायच्या आणि पुन्हा खायच्या. त्यांचे यजमान निवृत्त बसचालक. ते काहीही न विसरता खायचे. एकदा भरल्या मुठीसकट त्यांचा हात माझ्या गळ्यात अडकला. मूठ सोडली असती तर हात सुटला असता, पण त्यांना अक्रोड सोडवेना.

शेवटी बाईंनी मला त्यांच्यापासून लपवलं. कुठे, ते त्याच विसरल्या.

स्मरणशक्तीची बरणी कुठे ठेवली ते आठवेना! मी तिथेच, कपाटात अस्तराच्या गठ्ठ्यात होते. काखेत कळसा अन् गावाला वळसा. घरभर हसू चाललं होतं. पण बाई एकाएकी मशीनवर डोकं टेकून रडू लागल्या.

"आईचंही असंच सुरू झालं होतं, अहो. शेवटी मला म्हणाली, तुम्ही कोण बाई? माझंही तसंच होणार. एवढा कोट झाला की मशीन विकून टाका."

यजमान त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला त्यांचे सगळे अक्रोड माफ करावेसे वाटले.

तो कोट डॉक्टरीणबाईंचा होता. दुसऱ्या दिवशी त्या घालून बघायला आल्या आणि कळलं, दोन्ही बाह्या डाव्या!

बाईंचा चेहरा पांढरा पडला. डॉक्टरीणबाई मात्र खो खो हसल्या. "ताई, परवा मी एका आजोबांच्या चिठ्ठीवर माझंच नाव लिहिलं. आजोबा औषध घेऊन परत आले आणि मलाच विचारतात, आता बरं वाटतंय ना तुम्हाला?" मग त्यांनी बाईंना खुर्चीत बसवलं. "या वयात पुष्कळजणींचं असं होतं. माझंही होतंय. उद्या दवाखान्यात या, नीट तपासू. अक्रोड खुशाल खा. पण झोपेकडे बघा आणि मापं वहीत लिहा. त्यात कसली लाज?"

उजवी बाही नव्याने कापायची म्हणून बाईंनी अस्तराचा गठ्ठा ओढला आणि मी बाहेर आले! यजमानांनी माझं असं स्वागत आजवर कधी केलं नव्हतं. बाईंनी डॉक्टरीणबाईंच्या हातावर मूठभर तीळ-अक्रोड ओतले. त्यातून एक निळं बटण टपकलं. माझ्या तळाशी ते तेवढं राहून गेलं होतं.

बाईंनी ते उचललं. कुणीही काही विचारलं नव्हतं.

"आईच्या स्वेटरचं," त्या म्हणाल्या. "वरून दुसरं. ती मला ओळखेनाशी झाली ना, तेव्हाही हे बटण मीच लावून द्यायचे. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हती."

आणि त्यांनी ते परत माझ्यात टाकलं. मशीन विकायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

आता मशीनशेजारी एक वही असते आणि माझ्यात अक्रोडांबरोबर ते निळं बटणही असतं. मित्रांनो, तुमच्या घरात कुणी तीच गोष्ट तिसऱ्यांदा विचारली, तर तिसऱ्यांदा सांगा. पहिल्यांदा सांगितल्यासारखी सांगा. आणि माझं झाकण तेवढं घट्ट लावा. यजमान आसपासच आहेत.