गादीखालची ऊब

पाळणाघराची खोली काही केल्या तापेना, आणि कंपनीचे साहेब जेवण आटोपलं की बघायला येणार होते. खोली गारच राहिली तर जुना बॉयलर पुन्हा सुरू करायचा आणि चिमीच्या आईच्या मिश्रणाचा विषय बंद, असं ते सकाळी अगदी शांतपणे सांगून गेले होते.

काम तसं सरळ होतं. अंगणात खोल भोक पाडून पाइप सोडले होते. त्यांतलं पाणी जमिनीच्या पोटातली ऊब घेऊन वर यायचं आणि फरशीखालच्या नळ्यांतून फिरायचं. पाइपभोवतीची पोकळी एरवी सिमेंटच्या लगद्याने बुजवतात, पण तो ऊब धड पुढे जाऊ देत नाही. चिमीच्या आईने त्यात ऊब झटकन पुढे नेणारी ग्राफाइटची काळी पूड कालवली होती. चिमीच्या वाढदिवसाच्या फोटोतही आईची नखं काळीच आहेत.

तिने वर येणारं पाणी मनगटावर घेऊन बघितलं, दुधाची बाटली बघतात तसं. मीटर खिशातच होता. पाणी चांगलं गरम होतं.

"मावशी, खोलीत काही बदललंय का?"

पाळणाघर सांभाळणाऱ्या मावशींनी आठवून पाहिलं. "नाही बाई. तुम्ही सांगितलंत तेवढंच. या गाद्या."

गाद्या फोमच्या, जाडजूड, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. चिमी चालायला लागल्यापासून तिच्या आईने मावशींचं डोकं खाल्लं होतं: फरशी टणक आहे, पोरं आपटतील. शेवटी गाद्या तिनेच निवडून आणल्या. खालचा गारठा वर येणार नाही ना, एवढंच तिने दुकानदाराला विचारलं होतं. खालचं काही म्हणून वर येणार नाही, असा शब्द त्याने दिला होता, आणि तो पाळलाही होता.

तिने एक कोपरा उचलला. सगळी ऊब तिथे दबून बसली होती.

"काढा," ती म्हणाली.

"सगळ्या? आणि चिमी पडली तर?"

चिमी तेव्हा स्टुलावर चढायच्या खटपटीत होती. आईने आधी स्टूल उचललं, मग म्हणाली, "सगळ्या."

साहेब आले तेव्हा पोरं फरशीवर पालथी पसरली होती. साहेबांनी बूट काढले आणि नुसत्या मोज्यांनी उभे राहिले. तेवढ्यात चिमी धपकन पडली. रडायचं का, हे विचारायला तिने आईकडे बघितलं. आई दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिली. चिमीने जरा विचार केला आणि गाल फरशीला लावला.

"बॉयलर काढून टाका," साहेब म्हणाले.

बूट मात्र त्यांनी बराच वेळ घातले नाहीत.