सालींची रांग

घरात तिला सगळे चिमणी म्हणायचे, कारण ती चिमणीसारखी टिपून टिपून खायची. नाव लाडाचं होतं, पण ताटावर बसलं की त्यातला लाड संपायचा. दुधावरची साय ओठाला लागली की ती पेला खाली ठेवायची. मऊ घासात अचानक काही कडक लागलं की तो घास गालातच अडकून बसायचा, ना आत ना बाहेर. एकदा तर आईने तिला दुपारी बारापासून पाचपर्यंत ताटावरून उठू दिलं नव्हतं. आत्या म्हणायची, पोरीला अन्नाचा माज आलाय. माज कसला, भीती होती. पण ती सांगायला शब्द नव्हते, आणि सांगितलं असतं तरी ऐकून कोण घेणार?

अशी ही चिमणी मोठेपणी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात नोकरीला लागली, तेव्हा थोरल्या भावाला हसू आवरेना. तिला मात्र काम आवडलं. भाज्या चिरायच्या, ट्रे लावायचे, परत आलेली भांडी मोजून धुवायला टाकायची. खायची सक्ती कुणाचीच नव्हती. जेवणाच्या सुट्टीत ती आपला कोरडा टोस्ट आणि उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग घेऊन कोपऱ्यात बसायची. सहा वर्षं झाली तशी सोबतच्या बायकाही चिडवून चिडवून दमल्या.

स्वयंपाकघरात एक टेबल मऊ आहाराचं होतं. ज्यांना चावता किंवा नीट गिळता येत नाही, अशा रुग्णांसाठी रोज तिथे चौदा वाट्या भरल्या जात. बटाटा, गाजर, मटार, कोंबडी असं सगळं एकाच मोठ्या यंत्रात घालून वाटायचं, की झाला लगदा. रंग असा, की बघून भूक पळावी. मुख्य आचारी मनाने वाईट नव्हता, पण त्याला साडेतीनशे जेवणं वेळेत पाठवायची असत. लगद्याकडे बघायला सवड कुणाला होती?

तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारे घड्याळजी दाखल झाले होते. पक्षाघाताच्या झटक्याने त्यांची वाचा गेली होती आणि गिळणं अवघड झालं होतं. चार दिवस त्यांची वाटी जवळजवळ भरलेलीच परत येत होती. म्हातारा हट्टी आहे, तोंड मिटून घेतो, असं परिचारिका सांगत. डॉक्टर म्हणाले होते, आणखी दोन दिवस बघू, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल.

पाचव्या दिवशी त्यांचा परत आलेला ट्रे चिमणीच्या हातात आला. वाटी भरलेली होती, पण ट्रेच्या कडेला काहीतरी मांडलेलं दिसलं. मटाराच्या सालींचे बारीक बारीक तुकडे. नखाएवढेही नाहीत, पण एका ओळीत, सारख्या अंतरावर. नऊ. कुणीतरी जिभेवरून एकेक बोटाने काढून ठेवले होते.

ती त्या ओळीकडे बघत राहिली. मग तिने चमचाभर लगदा घेतला आणि जिभेच्या टोकाला लावला. दुसऱ्याचं अन्न तिने आपणहून तोंडात घेण्याची ही आयुष्यातली पहिली वेळ. गिळगिळीत, मध्येच रवाळ, त्यात मांसाचा चोथा, आणि टाळूला चिकटलेली एक साल. अंगावर काटा आला.

मुख्य आचाऱ्याला विचारून ती वर गेली. घड्याळजींची मुलगी उशाशी बसली होती, डोळ्यांखाली काळं झालेलं. चिमणीने आपण कोण ते सांगितलं आणि म्हाताऱ्यांना विचारलं, गाठी लागतात की साली? सालींवर त्यांनी बोट उचललं. सगळं एकत्र केलेलं चालतं का? त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

"मलाही नाही जमत," चिमणी म्हणाली. "लहानपणापासून."

घड्याळजींनी डोळे उघडून तिच्याकडे नीट पाहिलं. मुलगी रडवेली होऊन म्हणाली, बाबा हट्ट करतायत असंच सगळे म्हणत होते.

त्याच संध्याकाळी चिमणीने नुसता बटाटा उकडून यंत्रात फिरवला. तो डिंकासारखा झाला. घड्याळजींनी एक चमचा घेतला आणि मान फिरवली. दुसऱ्या दिवशी, म्हणजे उरलेल्या शेवटच्या दिवशी, ती तास आधीच कामावर आली. बटाटा गरम असतानाच बारीक चाळणीतून हाताने दाबून काढला, त्यात कोमट दूध आणि लोणी थोडं थोडं घातलं. गाजर वेगळं शिजवलं, वाटलं, गाळलं. चमच्याने जिभेला लावलं, डोळे मिटले.

"आहे अजून," ती म्हणाली.

मुख्य आचाऱ्याने स्वतः चाखलं. त्याला काहीच लागलं नाही. ती पुन्हा गाळायला लागली, आणि चाळणीत गाजराच्या दोन बारीक शिरा उरल्या. आचारी त्या शिरांकडे बघत राहिला. मग त्याने गाळायला कापड आणून दिलं. तिसऱ्यांदा गाळल्यावर तिची जीभ गप्प बसली.

वर, रुग्णांचं गिळणं तपासणाऱ्या थेरपिस्टने चमचा तिरका करून बघितला. घास एकसंध, अलगद घसरला. तिने होकार दिला आणि घड्याळजींना ताठ बसवलं. बटाटा एका वाटीत, गाजर दुसरीत. पहिला चमचा तोंडात गेला. जबडा थांबला. मग गळ्याची घाटी वर गेली, खाली आली.

घड्याळजींनी तोंड उघडलं.

बटाट्याची वाटी संपली. गाजराचीही संपली. शेवटी त्यांनी मुलीच्या हातातून चमचा काढून घेतला आणि स्वतः वाटी खरवडली. मुलगी हसतही होती आणि तिचे डोळेही वाहत होते. दोन दिवसांनी डॉक्टरांनी कागदावरची नळीची नोंद खोडली.

त्या रविवारी चिमणीने आईला फोनवर सगळं सांगितलं. आईने विचारलं,

"म्हणजे तुला ते खरंच लागायचं?"

"खरंच लागायचं, आई."

"मी पाच तास बसवलं होतं तुला," आई म्हणाली. चिमणी म्हणाली, जाऊ दे, तुला तरी कुठे ठाऊक होतं. आणि असं म्हणताना आपल्या मनात खरंच काही उरलेलं नाही, हे तिचं तिलाच कळलं.

पुढच्या आठवड्यात मऊ आहाराचं टेबल चिमणीकडे आलं. दोन नव्या चाळण्या आल्या, मदतीला एक बाई मिळाली, आणि प्रत्येक पदार्थ वेगळ्या वाटीत जाऊ लागला. पहिल्याच दिवशी चौदापैकी बारा जणांच्या वाट्या चाटूनपुसून परत आल्या. उरलेले दोन ट्रे मुख्य आचाऱ्याने स्वतः तिच्यापुढे आणून ठेवले.

"यांना काय खुपतंय बघ बरं," तो म्हणाला.

चिमणीने हात पुसले, खाटांचे नंबर विचारून घेतले आणि जिना चढायला लागली.