ठमीचं जहाज

मास्तर कुठल्याच शाळेत शिकवायला नव्हते. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. छोट्या पिवळ्या गाडीत शेजारी बसून "क्लच हळू सोड, आरशात बघ, घाई कुणाच्या बापाला झालीय?" हे ज्यांनी ऐकलं होतं अशी माणसं शहरभर पसरलेली होती, आणि ती सगळी त्यांना मास्तरच म्हणायची. बायको हॉस्पिटलच्या टेलिफोनवर कामाला. तिला चेहऱ्यानं फारसं कुणी ओळखत नसे, पण तिनं दुकानात भाव विचारला की दुकानदार मान वर करून म्हणायचा, "तुम्ही त्या फोनवाल्या बाई का हो?"

त्यांना एकच मुलगी. लहानपणी मनाविरुद्ध काही झालं की भर रस्त्यात फतकल मारून बसायची, म्हणून आईनं तिला ठमी म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. ठमी केस कापायला शिकली. हाताला चांगली सफाई होती. पुढे तिला एका मोठ्या प्रवासी जहाजावरच्या पार्लरमध्ये नोकरी मिळाली. मास्तरांना ते अजिबात पसंत पडलं नाही. आठवडाभर घरात भांड्याला भांडं लागत राहिलं आणि शेवटी मास्तर म्हणाले, "गेलीस तर पुन्हा या घराकडे तोंड करून बघू नकोस."

रागाच्या भरात माणूस बोलून जातो. मास्तर दोन दिवसांत ते विसरलेसुद्धा. ठमी विसरली नाही. ती गेली, आणि बापाचं आजवर न ऐकणाऱ्या त्या मुलीनं नेमकं तेवढं एक वाक्य अक्षरशः पाळलं.

सात वर्षं झाली. सुरुवातीला आई हॉस्पिटलातून तिला फोन करायची. ठमी बोलायची, हसायची, बाबांचं नाव आलं की रेंज गेली म्हणायची. मग फोन महिन्यावर गेले, मग वाढदिवसावर. मास्तरांनी एकदाही केला नाही. आज करू, उद्या करू करत राहिले. आणि इतके दिवस केला नाही तर आता कुठल्या तोंडानं करायचा, असं होत गेलं.

गेल्या वर्षी आईला कॅन्सर निघाला. मास्तर म्हणाले, "ठमीला कळवू या."

"कळवून काय होणार? तिकडून पोहत येणार आहे का ती?" आई म्हणाली. "बरी झाले की सांगू. चांगली बातमी म्हणून."

ती बरी झालीही, थोडे महिने. केस पुन्हा आले. मग दुखणं परत आलं आणि या खेपेला डॉक्टरांनी आडवळणानं न बोलता सांगितलं, "कुठे जाऊन यायचं असेल तर आत्ता जाऊन या. पुढच्या उन्हाळ्याचं काही ठरवू नका."

परत येताना सिग्नलला गाडी उभी होती. आई म्हणाली, "मला ठमीच्या जहाजावर जायचंय."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा कल्लोळ केला. मास्तरांना गिअर सापडेना.

शेजारी जहाजकाका राहायचे. ते बायकोबरोबर दोनदा जहाजाची सफर करून आले होते आणि तेवढ्या शिदोरीवर जन्मभर सल्ले वाटत होते. एरवी मास्तर त्यांना पाहिलं की रस्ता बदलायचे. त्या दिवशी स्वतःहून त्यांच्याकडे जाऊन बसले. काकांची कळी खुलली.

"खोली मधली घ्या, मास्तर. टोकाची नको, फार वरची तर मुळीच नको. सी-सॉवर मधोमध बसलेल्याला काही कळतं का? तसंच ते. आणि आदल्या दिवशीच बंदराच्या गावी जाऊन राहा. विमानाला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही. औषधं आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगा खोलीत यायला संध्याकाळ होते. आमच्या हिला पहिलं जेवण चुरगळलेल्या कपड्यांत जेवावं लागलं, अजून मला ऐकवते."

"बाल्कनी घ्यावी का?"

"भटक्या माणसाला बिनखिडकीची खोलीसुद्धा चालते, नुसतं झोपायलाच जायचं असतं. पण वहिनींना बरं नसतं. ज्याला खोलीतच बसायचंय त्यानं बाल्कनी घ्यावी. माझं मत विचाराल तर आजारी माणसाला जहाजासारखा प्रवास नाही. बॅग एकदाच उघडायची. गावं आपल्या पायांनी दाराशी येतात." मग काकांनी विचारलं, "एकदम कसं काय ठरवलंत?"

"तिला हवा बदलायची आहे," मास्तर म्हणाले.

ठमीला त्यांनी कळवलं नाही. ते आईनंच ठरवलं. "विचारलं तर ती नको म्हणेल. न विचारता गेलं तर काय, फार तर समुद्रात ढकलेल."

काकांचा एकूण एक शब्द खरा निघाला. खोली हलत नव्हती, बॅगा संध्याकाळी आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं पार्लरमध्ये केस धुवायची वेळ घेतली. नाव न देता खोलीचा नंबर दिला. पार्लर अगदी वरच्या मजल्यावर होतं. मास्तरांचा दंड धरून, मधे मधे थांबत ती गेली. काचेच्या दाराशी मास्तर थबकले.

"तू जा. मी इथं बाकावर बसतो."

"अहो, अर्ध्या शहराला रस्त्यावर आणलंत, आणि तुम्हाला हे एक दार ओलांडवत नाही?"

मास्तर बाकावर बसले.

ठमी हसत बाहेर आली, पुढच्या गिऱ्हाइकाला न्यायला. समोर आई दिसली. हसू ओठांवर तसंच राहिलं, डोळ्यांतलं तेवढं गेलं. आत खुर्च्यांवर आणखी दोघीतिघी बसलेल्या. "या ना, बसा," ती मोठ्यानं म्हणाली, आणि आईला बेसिनपाशी बसवताना कानाशी वाकून, "आई, इथं रडायचं नाही हं. माझी नोकरी आहे."

"मी कशाला रडू? केस धुवायला आलेय."

कोमट पाणी सोडून ठमीनं केसांत बोटं घातली आणि ती बोटं जागच्या जागी थांबली. आईचे केस म्हणजे दोरखंड. लहानपणी ते धरून ती पाठीवर चढायची. हे केस बाळाच्या जावळासारखे होते, मऊ, विरळ, मुळाशी वळण घेतलेले. अशी डोकी तिच्या हाताखालून पुष्कळ गेली होती. आजारातून उठलेल्या बायका जहाजावर येतातच.

"कधी?" तिनं विचारलं.

"गेल्या वर्षी."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते गं. बरी झाल्यावर."

"मग आता झालीस ना बरी?"

आई डोळे मिटून पडून राहिली. केस पहिल्या धुण्यातच स्वच्छ झाले होते, तरी ठमीनं ते दुसऱ्यांदा धुतले, आणि मग तिसऱ्यांदा.

तासाभरानं ती आईला धरून बाहेर आली. मास्तर उठून उभे राहिले. सात वर्षांत त्यांनी पुष्कळ बोलणं जमवलं होतं. "ठमे..." एवढंच निघालं.

"कसे आहात, बाबा? प्रवास नीट झाला ना तुमचा?" ठमी म्हणाली. "उद्या समुद्र खवळणार आहे. तुम्ही आईला खालच्या मजल्यावर, मधल्या हॉलमध्ये बसवा. पोट रिकामं ठेवू देऊ नका. वाचायला काही देऊ नका, लांब पाण्याच्या रेषेकडे बघायला सांगा. आणि लिफ्टच्या बटणांना हात लावला की हात धुवा, तिला संसर्ग परवडायचा नाही."

सगळं बरोबर होतं, सगळं उपयोगाचं होतं. पण जन्मात ठमीनं बापाला तुम्ही म्हटलं नव्हतं. "बाबा, तू येणार ना न्यायला?" "बाबा, तुला काही कळत नाही!" भांडणाच्या त्या शेवटच्या रात्रीसुद्धा तूच. मास्तर स्वतः नव्या शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी तुम्ही म्हणायचे आणि तिसऱ्या दिवशी तूवर यायचे. उलटा प्रवास त्यांनी पाहिला नव्हता.

समुद्र खरोखरच खवळला. आई पांढरीफटक पडली. नोकरमाणसांना प्रवाशांच्या खोलीत यायची परवानगी नव्हती, म्हणून ठमीनं खोली आवरणाऱ्या बाईच्या हाती हिरवी सफरचंदं आणि कोरडी बिस्किटं पाठवली. बरोबर निरोप: "थोडं थोडं, चावून चावून." मास्तरांनी शिकाऊ माणसासारखं सगळं सांगितल्याबरहुकूम केलं. दोन फोडी खाऊन आई म्हणाली, "पोरगी हुशार आहे हो. कुणावर गेली कोण जाणे." नंतरच्या दिवसांत ती रोज पार्लरला गेली. जन्मात कधी केली नव्हती ती सगळी कामं तिनं करून घेतली. नखं रंगवली, भुवया कोरल्या, पाय चोळून घेतले. जहाजावर मुलीचा हात हातात धरायची दुसरी सोय नव्हती.

एका बंदराला ठमीला दुपारची सुट्टी मिळाली. धक्क्यासमोरच्या चहाच्या दुकानात तिघं बसले.

"तुझी खोली कशी आहे?" मास्तरांनी विचारलं.

"पाण्याच्या खाली. खिडकी नाही. दोघी राहतो आम्ही."

"मग आमच्या बाल्कनीत येऊन बसत जा की घटकाभर."

"परवानगी नसते, बाबा."

आईनं चहा अर्धा ठेवला आणि समोरच्या दुकानातल्या टोप्या बघायच्या आहेत म्हणून उठली. टोप्यांची तिला काडीची हौस नव्हती. ती काचेपलीकडे पाठमोरी उभी राहिली.

"मी तेव्हा जे बोललो," मास्तर म्हणाले, "ते तसं नव्हतं म्हणायचं."

"माहितीये."

"मग अजून राग कशाला?"

"राग नाहीये, बाबा." ठमी कपाच्या कडेवरून बोट फिरवत होती. "पहिली दोन वर्षं होता. तेव्हा रोज वाटायचं, आज तुमचा फोन येईल, मी कडाकडा भांडेन, मग रडेन आणि घरी येईन. बंदर आलं की आधी फोन बघायचे. एक दिवस लक्षात आलं, बंदर येऊन गेलं आणि मी फोन बघितलाच नाही. त्या दिवशी तुम्हाला बाकावर पाहिलं ना, तेव्हा काहीतरी वाटायला हवं होतं. मी शोधतेय. अजून सापडत नाही."

"मी फोन करायला हवा होता."

"हो," ती म्हणाली. आवाजात टोचणी नव्हती. "करायला हवा होता." मग तिनं घड्याळ बघितलं. "चला, गर्दी व्हायच्या आधी जहाजावर जाऊ. आईला रांगेत उभं राहवणार नाही."

उतरायच्या दिवशी नवे प्रवासी चढणार होते, त्यामुळे तिला निरोपाला यायला जमलं नाही. जिन्याशी तिचा निरोप मिळाला, की सगळ्यात शेवटच्या गटात उतरा, तेव्हा धक्काबुक्की नसते. ते शेवटी उतरले. आई धक्क्यावरून मान वर करून जहाजाच्या खिडक्या बघत राहिली. ठमीच्या खोलीला खिडकी नाही याची मास्तरांनी तिला आठवण करून दिली नाही.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा ठमी रजा टाकून घरी आली. स्वतःच्या जुन्या खोलीत उतरली, पण दिवसभर आईपाशीच असायची. पलंगाच्या कडेला घमेलं लावून रोज तिचं डोकं धुवायची.

"टिप किती द्यायची गं?" आई विचारायची.

"टिप खोलीच्या बिलात धरलीय, मॅडम."

दोघी हसायच्या. मास्तर स्वयंपाकघरातून ऐकायचे. आत गेलं की हसणं थांबेल, म्हणून जायचे नाहीत.

आई एका दुपारी गेली. मास्तर दूध कोमट करून पेला घेऊन आले, तर ठमी आईच्या उशाशी बसलेली. तिनं वर बघितलं. "बाबा, पेला खाली ठेवा," ती म्हणाली. त्यांना ठेवता येईना, म्हणून उठून तिनंच तो त्यांच्या हातातून काढून घेतला. मास्तर तिच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखे रडले. तिनं त्यांची पाठ थोपटली, शांतपणे, ते थांबेपर्यंत.

पुढचं सगळं तिनं निभावलं. हॉस्पिटलातली माणसं आली, जहाजकाका आले आणि पहिल्यांदाच काही न बोलता बसून गेले. मग तिची रजा संपली. मास्तरांनी तिला विमानतळावर सोडलं. गाडीत ते एवढंच म्हणाले, "राहिली असतीस तर..."

"नवं कॉन्ट्रॅक्ट सुरू होतंय, बाबा."

"बरं. फोन करशील?"

ती बॅग उतरवत होती. हात थांबला. "तुम्ही करा," ती म्हणाली. "बंदरात असले तर लागेल. लागला तर घेईन."

घरी येऊन मास्तर तिच्या खोलीत गेले. वाटलं होतं, पलंगावर चुरगळलेली चादर असेल, एखादी केसांची पिन, टॉवेल, काहीतरी राहिलं असेल. पलंगावर धुतलेली चादर ताणून घातली होती, चारी कोपरे आत खोचलेले. उशी नीट मधोमध. पांघरुणाची घडी पायथ्याशी. कचऱ्याची टोपली रिकामी. पुढच्या माणसाच्या हवाली करावी तशी खोली.

मास्तर कडेला बसले. चादरीला सुरकुती पडली. ती हातानं सारखी करत त्यांनी दुसऱ्या हातानं तिला फोन लावला. ती अजून विमानात असणार हे त्यांना ठाऊक होतं. फोन बंद असल्याचं सांगणारा बाईचा आवाज त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला, आणि मग पुन्हा लावला.