शैलाचं पहिलं मत

आपली बायको शैला गेली हे प्रसन्नला कळलं ते सकाळी सव्वासातला, हॉस्पिटलच्या फोनवरून. दुपारी सगळे कागद उरकून तो वॉशिंग्टनमधल्या आपल्या घरी आला, तर टपालपेटीत तिच्या नावाची मतपत्रिका येऊन पडली होती.

मार्चमध्येच ती अमेरिकेची नागरिक झाली होती. त्याने भारताचा पासपोर्ट सोडला नव्हता. राजधानी वॉशिंग्टनमधून अमेरिकेच्या संसदेत एकच प्रतिनिधी जातो. त्याला बोलता येतं, पण कायद्यावर मत देता येत नाही. या जागेसाठी एक निवृत्त बसड्रायव्हर बाई उभी होती, आणि आजारी पडेपर्यंत शैला तिच्यासाठी दारोदार हिंडली होती.

"ज्याला स्वतःलाच मत नाही, त्याला मत द्यायला एवढी धडपड?" प्रसन्न चिडवायचा.

"मला या घरात अठ्ठावीस वर्षं मत नाही. म्हणून बोलायची थांबले का?"

दहाव्या दिवशी पोटोमॅक नदीच्या काठी भाताचा पिंड ठेवला. कावळे झाडावरच बसून राहिले.

"काहीतरी मनात राहिलंय तिच्या," त्याचा मित्र राजेश म्हणाला. "कबूल कर, म्हणजे शिवेल."

"इलाला सांभाळीन," प्रसन्न हात जोडून म्हणाला.

"बाबा, आय ॲम ट्वेंटी-सिक्स," त्याची मुलगी रडता रडता हसली.

"शैला, तुझ्या आईला फोन करत जाईन," तो पिंडाकडे बघत म्हणाला.

एकही कावळा हलला नाही. शेवटी इलाच म्हणाली, "टेल हर अबाउट द बॅलट."

"तुझं मत मी टाकीन," प्रसन्न म्हणाला. एक कावळा उतरला आणि त्याने भातात चोच घातली.

घरी येऊन त्याने लिफाफा फोडला, तशी इला घाबरली. "बाबा, नो! गेलेल्या माणसाचं मत टाकणं क्राइम आहे. तू ग्रीन कार्डवर आहेस. परत पाठवतील तुला."

"मग तिथे बोललीस कशाला?"

"मला वाटलं, तू नुसतं म्हणशील."

त्यानंतर रोज सकाळी एक कावळा पायरीवर येऊन बसू लागला. कावळे सगळीकडेच असतात, असं प्रसन्न स्वतःला सांगे. शैलाचा फोन त्याला बंद करवत नव्हता. त्यावर प्रचारवाल्यांचे मेसेज येत: 'शैला, तुमची मतपत्रिका अजून पोचलेली नाही.' तो फोन पालथा ठेवी. तरी टेबलावर तो थरथरे, आणि प्रसन्न 'आलो' म्हणून बसे.

मतदानाच्या दिवशी संध्याकाळी तो लायब्ररीबाहेरच्या मतपेटीजवळ बाकावर जाऊन बसला. बसड्रायव्हर बाईंच्या नावापुढे खूण केलेली होती, लिफाफ्यावर फक्त सही राहिली होती. शैला मराठीत सही करायची. त्याने वर्तमानपत्राच्या कडेला ती गिरवून गिरवून बसवली होती.

इला शोधत आली आणि शेजारी बसली.

खिशात शैलाचा फोन थरथरला: 'शैला, शेवटची दहा मिनिटं.'

त्याने पेनाचं टोपण काढलं. आपल्याला परत पाठवलं तर ही पोर इथे एकटी राहील, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. त्याने टोपण लावलं.

आठ वाजता एका बाईने येऊन पेटीला कुलूप घातलं. शैलाचं मत टाकायचं राहिलं.